पुढे चला

मूर्तीची ऑर्डर जाते त्या दिवशी अण्णांची पिशवी माळ्यावरून खाली उतरते. खाकी कापडाची, बंद एकदा तुटून पुन्हा शिवलेला. आत गेल्या अकरा वर्षांच्या परवानग्यांची फाईल, मंडळाचा शिक्का, कोरी हमीपत्रं, लिमलेटच्या गोळ्या आणि लोखंडी मोजपट्टी. पट्टीचं टोक तुटलंय. त्यामुळे अण्णा एका फुटापासून मोजायला सुरुवात करतात आणि शेवटी एक वजा करतात. नवीन घ्या म्हटलं तर म्हणतात, "हिला आपली गल्ली पाठ आहे."

परळमधल्या आमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकावर अण्णांचं नाव कुठेच नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष आणि एक 'मार्गदर्शक' असताना जागा उरतेच कुठे! पण त्यांच्याशिवाय आमचा एक बांबू उभा राहत नाही. बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. जगाकडे ते अजून मागच्या दारातून बघतात. कोणाच्या लग्नाला गेले तर आधी हॉलचे दरवाजे मोजतात, मग नवरा-नवरीला भेटतात. नातवाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती दाटल्या तेव्हा अण्णा उंबऱ्यात उभे राहून ओरडले, "पुढे चला, आत जागा आहे!" आत सात बाय दहाची खोली होती.

महापालिकेने मंडपांसाठी एक खिडकी योजना आणली तेव्हा सगळ्यात जास्त खूश अण्णा झाले आणि सगळ्यात आधी खट्टूही तेच. अर्ज एकच, ऑनलाइन. पण त्याला पोलीस ठाण्याची ना-हरकत लागते, वाहतूक पोलिसांची लागते, अग्निशमन दलाची लागते. "खिडकी एकच आहे रे," अण्णा म्हणाले, "पण तिच्यामागे अख्खी चाळ आहे." त्या चाळीतल्या प्रत्येक टेबलाची त्यांना खडान्‌खडा माहिती. कुठल्या साहेबांना मधुमेह आहे आणि त्यांच्यापुढे गोळी काढायची नाही, हेसुद्धा. लिमलेटच्या गोळीपलीकडे त्यांनी कुणाला काही दिल्याचं मी पाहिलेलं नाही. लोक त्यांना कंटाळून सह्या देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम तोंडपाठ. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि तेही सरकारने ठरवलेले. रस्त्यात खणलेल्या खड्ड्याला दंड. २०२५ मध्ये महापालिकेने तो खड्ड्यामागे २,००० रुपयांवरून १५,००० वर नेला, मंडळांनी गहजब केला आणि तो परत २,००० वर आला. "खड्डा तेवढाच," अण्णा म्हणाले, "भाव मात्र कांद्याचा."

पण त्यांचं खरं भांडण आकड्याशी. प्रत्येक मंडळाकडे गर्दीचे दोन आकडे असतात. पोलिसांच्या अर्जात 'अपेक्षित गर्दी : ५००' आणि जाहिरातदाराला द्यायच्या पत्रात 'लाखो भाविक'. दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच मशीनवर छापली जातात. अण्णा बिचारे तिसरा आकडा मागतात, खरा. त्यासाठी गेल्या वर्षी शेवटच्या शनिवारी ते गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर बसले आणि कंडक्टरचा जुना पंच टकटक वाजवत दर मिनिटाला किती माणसं आत जातात ते मोजत राहिले. दोन म्हाताऱ्या त्यांना तिकीटवाला समजून रांग सोडून परत गेल्या.

यंदा पहिल्याच सभेत त्यांनी कार्यालयाच्या लादीवर खडूने चौकोन आखला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. "चौघं या." चौघं उभे राहिले, गप्पा मारत. पाचवा आला, गप्पा थांबल्या. सहावा खजिनदार. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला, पण हात खाली जाईना. आरतीची रिंगटोन अख्खं कडवं संपेपर्यंत वाजत राहिली. "सातवा?" म्हणताच अध्यक्ष स्वतः घुसले, कारण कुणीतरी फोटो काढत होतं. मग अण्णांनी कडेच्या पोराच्या खांद्याला बोट लावलं. फक्त बोट. सातही जण एकाच वेळी डावीकडे कलले, परत उजवीकडे आले.

"पडलो नाही बघा," अध्यक्ष म्हणाले.

"पडायला जागा नाही म्हणून. आता कोणी पडलाच तर सगळे पडाल. आणि नाही पडलात तरी, श्वास घेऊन बघा."

खजिनदाराने घेऊन बघितला. तो चौकोनाबाहेर यायला तीन माणसांना आधी निघावं लागलं.

अण्णा ह्या विषयावर विनोद करत नाहीत, आणि त्याचं कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. पाऊस आला म्हणून लोक एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर थांबले, मागून गाड्यांची माणसं येत राहिली, जिन्यावर कोंडी झाली आणि २३ जण गेले. पूल पडला नव्हता, आग लागली नव्हती. पुढे लष्कराने नवा पूल बांधला, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नवा पूल उघडला त्या आठवड्यात अण्णा पट्टी घेऊन गेले होते. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही.

तर यंदा कमान आली. विभागातल्या भावी नगरसेवकांची. ती त्यांनी मुद्दाम बाहेर पडायच्या वाटेवर लावली, म्हणजे बाप्पाचं दर्शन घेतलेल्या भक्ताला जाता जाता यांचंही व्हावं. अण्णांची पट्टी सर्रकन बाहेर आली. वाट अकरा फूट, कमानीचे पाय धरून उरली साडेसहा. अण्णांनी परवानगीचा नकाशा उघडला. "शिक्का अकरा फुटांवर आहे. चढणारे कितीही असू देत, उतरायचं दार मोकळं पाहिजे." अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, एवढी वर्षं काही झालंय का?" ह्या वाक्यावर खरं तर वेगळा दंड हवा.

अण्णा वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती संपायच्या बेतात त्यांनी भावी नगरसेवकांना मोठ्या आदराने विनंती केली, साहेब, कमानीखाली उभे राहा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करा. आरती संपली. कापूर, टाळ, पोरं, लेझीम पथक असं सगळंच त्या साडेसहा फुटांतून बाहेर पडू लागलं. पहिली दोन मिनिटं साहेब नमस्कार करत होते, मग त्यांचे हात तसेच छातीशी अडकले. एक चप्पल गेली, चष्म्याची काडी गेली, आणि भावीचे थेट भूतपूर्व होता होता ते वाचले. मागून अण्णांचा आवाज येत होता, "पुढे चला, पुढे चला!"

रात्री साडेअकराला कमान उतरली. साहेबांनी स्वतःच उतरवायला सांगितलं, "भाविकांच्या सोयीसाठी." तशी पोस्टही टाकली.

अनंत चतुर्दशी झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आभाराच्या भाषणात अध्यक्षांनी लाइटवाला, बेंजोवाला, पोलीस, प्रशासन अशी सगळ्यांची नावं घेतली. जे घडलंच नाही त्याचे आभार मानायचे कसे, म्हणून अण्णांचं राहून गेलं असावं.

मंडप निघाल्यावर वॉर्डातून एक तरुण इंजिनिअर खड्डे मोजायला आला. रस्ताभर फिरला, वहीत टीप केली. "चोवीस." अध्यक्षांचा चेहरा उजळला, आमच्या हिशेबाने दोन कमी भरले होते. त्यांनी घाईघाईने चहा मागवला.

"सव्वीस," अण्णा म्हणाले.

"अण्णा!"

"ये बाळा, दाखवतो." इंजिनिअरला दंडाला धरून त्यांनी गल्लीच्या मागच्या तोंडाशी नेलं, कमानीच्या पायांचे दोन खड्डे दाखवले आणि मधलं अंतर मोजून, एक फूट वजा करून, त्याच्या वहीत लिहायला लावलं.