आधी आडनाव सांगा

पुण्यात रिकाम्या टू बीएचकेचा मालक फोनवर पहिला प्रश्न कधीच भाड्याचा विचारत नाही. "आडनाव काय?" मग "नॉनव्हेज करता का?" आणि शेवटी, अगदी मायेनं, "फॅमिली आहे ना?" पगाराची स्लिप किंवा आधीच्या घरमालकाचा नंबर मागायचं सुचत नाही. भाडं थकवणारा शाकाहारी फॅमिलीवाला त्यांना अजून भेटला नसावा.

कायदा आहे की! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दारातून कुणाला कशासाठी परत पाठवलं, याबद्दल चकार शब्द नाही. केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदाही राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यावर रोखतो, आडनावाच्या चौकशीला रोखत नाही.

मालकाला छेडलं तर उत्तर तयार: "माझं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही." सेक्रेटरी म्हणतात, "फ्लॅट त्यांचा, मर्जी त्यांची." एजंट तेवढा खरा निधर्मी. दलाली दोघांकडूनही घेतो.