गांडूळशास्त्री

परदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसाला पन्नाशीच्या आसपास एखादा छंद जडतो. त्यात वाईट काही नाही. पण नुसता छंद त्याला पचत नाही. त्याचं शास्त्र केल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी अंगणातल्या हिरवळीचं शास्त्र करतो, कोणी कॉफीच्या बियांचं, कोणी आंबवलेल्या पावाचं. टेक्ससमध्ये तलाव उदंड, त्यामुळे डॅलसकडच्या काही जणांना बास माशाचा नाद लागतो. त्यातले बरेच जण होडी, काठी, रीळ अशी खरेदी करून शांत होतात. अगदी निवडक मात्र तळ गाठत गाठत प्लास्टिकच्या गांडुळापर्यंत पोचतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. अशा गृहस्थाला आम्ही मंडळात गांडूळशास्त्री म्हणतो. तोंडावर, शास्त्रीबुवा.

आमचे शास्त्रीबुवा मूळचे सदाशिव पेठेतले, पेशाने सॉफ्टवेअरवाले, आणि शाकाहारी इतके की वाढदिवसाचा केकही "यात अंडं नाही ना?" विचारून घेतात. असा माणूस मासे कसे धरतो, हे त्यांना प्रत्येक जण विचारतो. उत्तर तयार असतं. "गांडूळ प्लास्टिकचं, म्हणजे त्याची हत्या नाही. मासा धरून परत पाण्यात सोडायचा, म्हणजे त्याचीही नाही. आता पाप कुठे राहिलं ते दाखव. मरतात ते फक्त डास."

मी मालवणकडचा. आमच्याकडे माणूस गरवायला बसतो तो रात्रीच्या जेवणाचा हिशेब मांडून. काठी, तंगूस, गळ, आमिषाला कोळंबीचा तुकडा, आणि घरी वाटप तयार. पाण्यात परत गेलेला मासा म्हणजे निसटलेला मासा, एवढंच मला ठाऊक. हाती आलेला मासा माणूस आपण होऊन सोडतो, त्याआधी त्याचं वजन करतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि वर त्याला "थँक यू" म्हणतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बुवांना ऊन लागलं.

पण ही त्यांची एकट्याची लहर नव्हे. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने १९६७ मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर बास धरण्याची स्पर्धा भरवली आणि पुढे १९७२ मध्ये धरलेले मासे जिवंत सोडण्याची मोहीम काढली. तेव्हापासून बासवाल्यांच्या जगात बास खाणं जवळजवळ असभ्यपणाचं झालं आहे. मासा धरायला हवा पण ताटात नको, असा तो पंथ आणि असे हे शास्त्रीबुवा. गाठ पडायचीच होती.

बुवांचं विद्यापीठ म्हणजे त्यांचं गॅरेज. तिथे भिंतभर खण आहेत आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी : रंग, लांबी, शेपटीचा प्रकार. ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन रेड, जूनबग, मोटर ऑइल, रेड शॅड. आयुष्यात दारूला न शिवलेल्या या माणसाकडे टकीला सनराइज चार लांबींत मिळतो. सरळ शेपटीचं गांडूळ वेगळं, रिबनसारख्या शेपटीचं वेगळं; उन्हाळ्यात दहा इंची, पाणी थंड असताना लहान. पाणी नितळ असेल तर साधे, नैसर्गिक रंग. गढूळ असेल तर गडद. आणि गॅरेजमध्ये सोवळं कडक. पांढऱ्या गांडुळाशेजारी काळं ठेवलं की रंग उतरतो. ताणलं तरी न तुटणारी एक नवी जात आली आहे. ती साध्या गांडुळाला लागली की दोन्ही वितळून चिकट लगदा होतो. म्हणून हा डबा त्या डब्याला शिवलेला बुवांना खपत नाही.

वहिनींचा आक्षेप वेगळाच आहे. या गांडुळांत भरपूर मीठ घातलेलं असतं, कशाला बडीशेपेचा वास असतो, कशाला लसणाचा. माशाने एकदा तोंडात घेतलं की लगेच थुंकू नये म्हणून ही योजना. वहिनींकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद. श्रावणातल्या एका सोमवारी त्या गॅरेजच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्याला नाही तर नाही, त्या माशालाही चार महिने लसूण नसता चालला का?" बुवांनी यावर खरोखर विचार केला आणि चातुर्मासापुरती बडीशेपेची मागवली.

तलावावर जाताना गाडीत प्रवचन ठरलेलं. टायलर गावाचं नाव निघालं की आवाज हळू होतो, कारण बाजारात चाललेलं पहिलं मऊ प्लास्टिकचं गांडूळ ज्याने घडवलं तो निक क्रीम पुढे टायलरलाच कारखाना घेऊन आला. सुरुवात ओहायोतल्या ॲक्रनची, १९४९ सालची, आणि तीही घरच्या स्वयंपाकघरात, बायकोच्या मदतीने. "बायकोच्या मदतीने" हे शब्द बुवा जरा थांबून उच्चारतात. ते अर्थात माझ्यासाठी नसून घरी पोचवण्यासाठी असतात.

दुसरं आख्यान लिरॉय ब्राउनचं. अलाबामातल्या युफॉला गावी टॉम मान नावाचा माणूस फळांच्या वासाची गांडुळं करायचा. १९७३ मध्ये त्याला स्ट्रॉबेरीच्या गांडुळावर एक बास लागला. तो त्याने टाकीत पाळला आणि त्याचं नाव लिरॉय ब्राउन ठेवलं. १९८० मध्ये लिरॉय वारला. आमिषं ठेवायच्या पेटीची शवपेटी झाली, अंत्ययात्रेला शेकडो माणसं आली, बँड वाजला, वर दगडी स्मारक उभं राहिलं. हे सांगताना बुवांचा गळा दाटतो. मी विचारलं, "आणि जेवायला काय होतं?" त्यानंतर लेक फोर्क येईपर्यंत गाडीत शांतता होती.

खुद्द मासा मात्र या सगळ्या थाटापेक्षा बराच साधा. लार्जमाउथ बास. अंग हिरवट, पोट पांढुरकं, कुशीवरून काळपट पट्टा, आणि जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला. नावात बास असला तरी आपल्या जिताड्याशी याची सोयरीक नाही. हा सनफिश कुळातला. गवतात, बुडालेल्या झाडांत दबा धरून बसायचं, आणि काही हललं की तोंडाचा आ करून ते पाण्यासकट आत ओढायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. खातो काय, तर तळातले क्रेफिश, शॅड, लहान मासे, बेडूक. जांभळं, लसणाच्या वासाचं, दहा इंची गांडूळ त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेलं नाही. तरी तो ते घेतो. का घेतो, यावर बुवांचे निदान पाच सिद्धान्त आहेत.

लेक फोर्कच्या धरणात बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. अशा ठिकाणी उघडा गळ टाकला की तो पहिल्या फांदीला लागतो. म्हणून टेक्सस रिग. बुवा खरे रमतात ते इथे. काठीत नाही, होडीत नाही, माशातही नाही. चष्मा कपाळावर चढवून ते आधी तंगुसात टंगस्टनचं बुलेट वजन ओवतात, टोक काठीकडे. मग मानेशी वाकवलेला गळ बांधतात. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ पाव इंच घुसतं आणि कुशीतून बाहेर येतं. तिथून पुढे, पायजम्यात नाडी सरकवावी तसं, चुण्या पडू न देता ते गांडूळ गळाच्या मानेपर्यंत नेतात. गळ अर्धा फिरवतात. टोक अंगाशी धरून कुठे घुसेल त्या जागी नखाने खूण करतात, तिथून आरपार काढतात, आणि टोक पुन्हा पाठीच्या कातडीत जेमतेम खोचतात. आता फांदीला गळ लागत नाही, माशाने जबडा मिटला की मात्र टोक बाहेर येतं. मग सगळं डोळ्यांसमोर लोंबतं धरायचं. गांडूळ एका रेषेत हवं. किंचित बाक राहिला तर ते पाण्यात गरगर फिरतं, तंगुसाला पीळ पडतो आणि, बुवांच्या मते, माशाला संशय येतो. बाक दिसला की काढून पुन्हा पहिल्यापासून. दोन तळ्यांपलीकडच्या लोकांचे मासे धरून झाले तरी बुवांचं गांडूळ अजून सरळ होत असतं.

बाकीच्या पद्धती त्यांना येतात सगळ्या, पण प्रत्येकीबद्दल मत आहे. कॅरोलायना रिगमध्ये जड वजन पुढे आणि गांडूळ दोन-तीन फूट मागे. ही खोल पाण्यासाठी, आणि फेकायला बेढब. वॅकी रिगमध्ये गळ गांडुळाच्या बरोबर कमरेत खुपसतात आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात; मासे यावर वेडे होतात, पण बुवांना ती पोरकट वाटते, कारण शिकायला एक मिनिट लागतं. जपानकडून आलेला ड्रॉप शॉट, म्हणजे वजन खाली आणि गळ वर, याला ते मान देतात. कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाची नेड रिग, बोटाएवढा तुकडा भूछत्राच्या आकाराच्या वजनावर, ही अगदी नाइलाज झाला तरच. "तिने कोणालाही मासे मिळतात," ते म्हणतात. हा दोष सांगण्याचा सूर आहे.

मी एकदा एक अडचणीचा प्रश्न काढला. लार्जमाउथचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरीचा, जॉर्जियातला, १९३२ चा, बावीस पौंड चार औंस. त्याची बरोबरी केली जपानच्या मानाबू कुरिताने, बिवा सरोवरात, २००९ मध्ये. पेरीच्या वेळी प्लास्टिकचं गांडूळ जन्मालाच आलं नव्हतं, आणि कुरिताने जिवंत मासा आमिषाला लावला होता. मग गांडुळाचं माहात्म्य कुठे राहिलं? बुवा शांतपणे म्हणाले, "जिवंत आमिषाने काय, कोणीही धरेल." पेरीचं मात्र मला फार आवडलं. जगातला सर्वांत मोठा बास त्याने घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. हा माणूस मालवणात जन्मायला हवा होता.

रंगांचंही तसंच. काळं-निळं गांडूळ हे बासवाल्यांचं परंपरेचं दैवत. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बासचे डोळे तपासले आणि सांगितलं की या माशाला लाल आणि हिरवा चांगला कळतो, पण गडद निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही. मी हे बुवांच्या कानावर घातलं. वाटलं, आता तरी चार खण रिकामे होतील. बुवा म्हणाले, "त्याला कळत नसेल. मला कळतो ना!"

एके दिवशी फोर्कवर थंडीची लाट नुकतीच ओसरली होती, आकाश स्वच्छ होतं, आणि बुवांच्या मते अशा हवेत बास तोंड मिटून बसतो. तरी जूनबग रंगाचं गांडूळ एका बुंध्याशी पडलं, तळाला गेलं, आणि बुवांनी काठीचं टोक सावकाश उचललं तोच तंगूस आपला आपण बाजूला सरकला. बुवांनी ढील गुंडाळली आणि काठी अशी हाणली की होडी हलली. मासा वर आला. अठरा इंच, गलेलठ्ठ. माझ्या डोळ्यांपुढे तिरफळं घातलेलं तिखलं उभं राहिलं.

"बुवा, एवढा एक नेऊ या."

"नाही नेता येत. फोर्कवर सोळा इंचांपर्यंतचा चालतो, नाहीतर चोवीसच्या पुढचा एखादा. मधला सोडायचा, असा कायदा आहे."

"आणि पंधरा इंचांचा लागला तर?"

"तर माझा कायदा आहे," बुवा म्हणाले, आणि मासा पाण्यात गेला.

मला वाटलं, आता जूनबगवर दिवस काढू. बुवांनी ते गांडूळ सोडवलं, फाटलेलं म्हणून पिशवीत टाकलं (पाण्यात टाकलेलं प्लास्टिक मासे गिळतात, त्यामुळे बुवांच्या होडीत कचऱ्याची पिशवी आधी येते, माणूस मागून), आणि ग्रीन पम्पकिन ओवायला घेतलं.

"अहो, पण त्याच्यावर आत्ता लागला ना!"

"म्हणूनच बदलायचं. तो रंगाला भुलला की जागेला, हे कसं कळणार? एका माशाने काही सिद्ध होत नाही."

ग्रीन पम्पकिन झालं. मोटर ऑइल झालं. टकीला सनराइज झालं. एकालाही कोणी तोंड लावलं नाही. शेजारच्या होडीतला दहा-बारा वर्षांचा पोरगा वॅकी रिगवर एकामागून एक बास काढत होता. बुवांनी त्याच्याकडे पाठ केली. अंधार पडेपर्यंत ते इतके प्रसन्न होते की, पाण्यात मासे नसते तर त्यांना आणखी बरं वाटलं असतं, अशी मला शंका आली.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या.

"काय, मिळालं का काही?"

"एक मासा," बुवा म्हणाले. मग चेहरा उजळला. "पण तीन रंग बाद झाले!"

"हो? मग आता उरले किती?"

प्रश्नातली खोच मला लागली, बुवांच्या शेजारून गेली. "थांब, यादी बघून सांगतो," म्हणत ते बूट न काढताच गॅरेजकडे वळले. आत दिवा लागला, खण उघडल्याचे आवाज येऊ लागले.

वहिनींनी माझ्यासाठी पाट मांडला. "तुम्ही बसा, भावजी. वरणभात आहे. त्यांचं मोजून होईपर्यंत निवेल."