अष्टपादांचे आप्त

छांदिष्टांच्या ज्या अनेक जाती आपल्या समाजात सुखाने नांदतात, त्यांपैकी शेजाऱ्यांनी ज्याला निरुपद्रवीपणाचा दाखला अद्याप दिलेला नाही, असा एक वर्ग कोळ्यांची छायाचित्रे काढणाऱ्या गृहस्थांचा आहे. घरातील समस्त जळमटांस त्यांचे अभय असल्यामुळे केरसुणी उगारण्यापूर्वी गृहिणीस रीतसर मंजुरी घ्यावी लागते, आणि दिवाळी तोंडावर आली तरी ‘तिरपे ऊन येईपर्यंत तहकूब’ याखेरीज दुसरा शेरा तिच्या पदरात पडत नाही.

दिवसा हे गृहस्थ कट्टर सूर्योपासक असतात. आरेच्या झुडपांत, दवाने भिजलेल्या जाळ्याच्या मधोमध, पांढऱ्या नागमोडी नक्षीवर दोन-दोन पाय जुळवून फुलीसारखी बसलेली सिग्नेचर स्पायडरची मादी दिसली, की ऊन मागून आणि पार्श्वभूमी काळोखी, असा योग जुळेपर्यंत ते चिखलात साष्टांग पडून राहतात. योग जुळतो, श्वास रोखला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी वारा सुटून जाळे झुलू लागते. इतक्या जवळून स्पष्टतेची मर्यादा मिलिमीटरांत मोजावी लागत असल्याने डोळे साधले तर पोट धूसर आणि पोट साधले तर डोळे बेपत्ता! अशा वेळी वाऱ्याला उद्देशून ते जे बोलतात, ते छापण्याजोगे नसते.

सूर्यास्तानंतर मात्र धर्मांतर होते. वेफर्सच्या रिकाम्या नळकांड्यास आतून चंदेरी व तोंडाशी ट्रेसिंग पेपरचे अस्तर देऊन, फ्लॅशचा प्रखर झोत मवाळ करण्याची जी सिद्धता ते करतात, तिच्यापायी मुलांच्या भूमितीच्या वह्या विवस्त्र झालेल्या असतात. कारण उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या पुढल्या दोन टपोऱ्या डोळ्यांत फ्लॅशचा बोचरा ठिपका उमटणे हे त्यांच्या लेखी महापातक. कपाळी विजेरी बांधून, गवतात चमकणारे लांडगा-कोळ्यांचे डोळे शोधीत ते मध्यरात्री ओणवे फिरतात, तेव्हा गस्तीच्या हवालदाराने जाबजबाब घेणे ओघानेच आले. परंतु ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या एका कोळ्याचे २०२१ साली हुतात्मा पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नामकरण झाल्याची हकीकत ते अशा तन्मयतेने निवेदन करतात, की चौकशीचे पर्यवसान चहात होते.

लौकिक व्यवहारात अशा माणसाला एकट्याने धाडू नये, विशेषतः समाचाराला. परवा एका सुतकी घरी, सांत्वनाचे चार शब्द अर्ध्यावर असतानाच, दिवंगतांच्या तसबिरीवरील हारात त्यांना काहीतरी हललेले दिसले. ते उठले, मंडळींना वाटले, नमस्कारासाठी. त्यांनी खिशातून भिंग काढले, समई अंमळ डावीकडे सरकवली आणि थोरल्या चिरंजिवांस अत्यंत अदबीने म्हणाले, “दादा, बाबांना जरा तिरके धरता का? काचेवर चकाकी येतेय.”