बिनपगारी, फुल अधिकारी

जॉन बर्को हे गृहस्थ २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती होते. ब्रेक्झिटच्या गदारोळात ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत घसा फोडणारे ते हेच. पुढे तोच घसा त्यांनी एका व्हिडिओ गेमला दिला. गेम कुठल्या कंपनीचा? कुठल्याच नाही. हौशी मंडळींनी घरी बसून केलेला. त्यात ‘डॉक्टर हू’ मालिकेचे दोन माजी डॉक्टर, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय, हेही बोलून गेलेत. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात विधानसभेच्या माजी अध्यक्षांनी सूत्रधार व्हावं, तसा हा मामला.

नाव ‘फॉलआउट: लंडन’. खरं तर हा गेम नव्हे, मॉड. म्हणजे बेथेस्डा कंपनीचा २०१५ सालचा ‘फॉलआउट ४’ तुमच्याकडे असेल, तर त्याच्या पोटात हे आणखी एक शहर घालायचं. अणुयुद्धानंतरची अमेरिका हा फॉलआउटचा नेहमीचा मुलूख, आणि चौथा भाग बॉस्टनमधला. ब्रिटनच्या डीन कार्टर आणि मंडळींना वाटलं, बॉम्ब काय फक्त अमेरिकेवरच पडले होते? झालं. बॉस्टन बाजूला सारून त्यांनी सन २२३७ मधलं पडकं लंडन उभं केलं. वेस्टमिन्स्टर आलं, कॅम्डन आलं, थेम्स आली, टॉवर ऑफ लंडनवरचे बीफईटर पहारेकरीसुद्धा आले. पगार तेवढा कोणाला आला नाही. कंपनीच्या नियमानुसार असा मॉड विकता येत नव्हता.

‘आवडीचं काम, त्यात कसले कष्ट’ असं म्हणणाऱ्यांनी नेव्हमेश म्हणजे काय ते एकदा बघावं. गेममधल्या पात्रांना डोळे नसतात. पायरी कुठे, भिंत कुठे, चालायचं कुठून, हे त्यांना कळावं म्हणून जमिनीवर त्रिकोणांची एक अदृश्य जाळी अंथरावी लागते. ती काही प्रमाणात आपोआप पडते आणि उरलेली माणसाने हाताने दुरुस्त करायची. एक एक कोपरा, एक एक जिना. उंबरठ्यावरचे दोन त्रिकोण जोडायचे राहिले, की तुमचा जिवाभावाचा सोबती दाराबाहेर थिजून उभा राहतो आणि शत्रू बिचारा भिंतीला धडका देत बसतो. हौसेने एखादं टेबल जरा सरकवलंत? जाळी पुन्हा विणा. शिवाय ‘फॉलआउट ४’मध्ये न हलणाऱ्या वस्तू जथ्याने एकत्र गोठवून ठेवलेल्या असतात, म्हणजे कॉम्प्युटरला धाप लागत नाही. त्या जथ्यातली एक वीट कोणी हलवली की सगळा जथा फुटतो आणि गेम रखडायला लागतो. आणि हे सगळं करायचं ते कंपनीनेच दिलेल्या क्रिएशन किट नावाच्या औजाराने, जे मधूनच मान टाकतं. सेव्ह केलं नसेल तर संध्याकाळ गेली. ऑफिसात कोणी हे काम गळ्यात मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली असती. इथे जेवणं आटोपल्यावर, स्वखुशीने, चार-पाच वर्षं.

कंपनी हे सगळं बघत होती. फार प्रेमाने बघत होती. इतक्या प्रेमाने, की मॉडच्या मुख्य लेखिकेला तिने काम अर्ध्यावर असतानाच नोकरी देऊन उचललं. कार्टरलाही बोलावणं आलं होतं, तो गेला नाही. कंपनीच्या बाजूने बघा, केवढी सोय! उमेदवार वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या विजेवर, तुमच्याच यंत्रावर उमेदवारी करतो. तुम्ही फक्त पिकलेला आंबा तोडायचा. बाग कोणाची, पाणी कोणी घातलं, हे विचारायला एचआरला वेळ नसतो.

मग आला एप्रिल २०२४. मॉडवाल्यांनी मुहूर्त काढला होता २३ एप्रिलचा. इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा दिवस, म्हणजे देशप्रेमही साधलं. त्याच महिन्यात ॲमेझॉनवर फॉलआउटची मालिका आली आणि जग पुन्हा फॉलआउटवेडं झालं. बेथेस्डाने ‘फॉलआउट ४’चं नवं अपडेट २०२२ मध्ये जाहीर केलं होतं, तेव्हा वायदा होता २०२३चा. २०२३ सरलं, अपडेटचा पत्ता नाही. आता मालिकेने गर्दी जमवल्यावर कंपनीला एकदम जाग आली आणि तिनेही तारीख ठरवली. २५ एप्रिल! इतके दिवस रखडलेल्या माणसाने नेमकं दुसऱ्याच्या मांडवाच्या दिवसांत येऊन खांब हलवावा, याला योगायोग म्हणायची माझी तयारी आहे. कंपन्या एवढा विचार करून कोणाचं वाईट करत नाहीत. त्या विचारच करत नाहीत.

अपडेटने बिघडतं काय, तर स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाची एक पुरवणी असते, तीही हौशींनीच केलेली. ती गेमच्या मुख्य फाइलमधल्या नेमक्या जागांवर बोट ठेवून चालते. कंपनीने फाइल बदलली की जागा सरकतात आणि बोट हवेत. मोठमोठे मॉड हिच्याच जिवावर उभे. मुहूर्त पुढे ढकलावा लागला. शेवटी २५ जुलैला लंडन उघडलं, तेही नेहमीच्या मॉडच्या साइटवर न मावल्यामुळे पोलंडच्या गॉग या गेमच्या दुकानातून. तेव्हा आत जायची रीत अशी होती, की तुमचा गेम अद्ययावत असेल तर आधी तो मागे न्या, जुना करा, मग लंडन घाला. प्रगतीचं घड्याळ असं उलटं फिरवणारा दुसरा कार्यक्रम मला आठवत नाही. निवडणुका सोडल्या तर.

पहिल्या चोवीस तासांत पाच लाखांवर लोकांनी तो घेतला. आणि मग आपली लाडकी जनता जागी झाली. गेम सुरुवातीलाच, आगगाडीच्या प्रसंगाशी, अनेकांच्या मशीनवर बंद पडत होता. तक्रार रास्तच होती. मांडव घालून लोकांना बोलावलं तर खुर्च्या मोडक्या नकोत, हे मॉडवाल्यांनाही सुनावायला हवं. पण सूर काय, जसं काही घरातले दागिने गहाण ठेवून तिकीट काढलं होतं! फुकटात मिळालेल्या वस्तूची चिकित्सा माणूस ज्या बारकाईने करतो, त्याच्या निम्म्या बारकाईने त्याने घराचा करारनामा वाचला तर बिल्डर उपाशी मरतील.

बरं, मॉड करणाऱ्यांना पैसे मिळावेत असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २०१५ मध्ये गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या दोघांनी मिळून ‘स्कायरिम’ या बेथेस्डाच्याच गेमचे मॉड विकायची सोय केली होती. करणाऱ्याला पंचवीस टक्के, उरलेले पंच्याहत्तर या दोघांत. हा हिशेब ऐकून गावातला अडत्याही लाजला असता. खेळणारे खवळले आणि चार दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. यात दोन गोष्टी होत्या. वाटा लबाडीचा होता, हे खरं. पण खवळलेल्यांतल्या पुष्कळांना वाट्याचं काही पडलं नव्हतं, त्यांना पैसेच द्यायचे नव्हते. ‘मॉडिंग पवित्र आहे, त्याला बाजाराचा विटाळ नको’ हे तत्त्वज्ञान मांडणाऱ्यांत मॉड करणारे होते, तसे नुसते डाउनलोड करणारेही फार होते. दुसऱ्याच्या रात्रींवर सोवळं पाळणं सोपं असतं. (तो प्रयोग सुरू झाला तो दिवसही २३ एप्रिलच. बेथेस्डाने या तारखेला दुकान बंद ठेवावं.)

आपण हसू नये. ईए या गेम कंपनीने ‘क्रिकेट ०७’ काढला २००६ मध्ये आणि मग क्रिकेटकडे पाठच फिरवली. आयपीएल सुरू झाली २००८ ला. तरी आपल्याकडे कित्येक जुन्या कॉम्प्युटरांवरच्या त्या गेममध्ये चेन्नई विरुद्ध मुंबई रंगते, नव्या जर्सीसकट, त्या त्या वर्षीच्या संघांसकट. कोणी केलं? कुठल्या तरी पोराने, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांनी वाचलं? आपण पॅच टाकला, टॉस जिंकला आणि ‘चेहरे नीट जमले नाहीत’ म्हणून नाक मुरडलं.

लंडनवाल्यांचं लंडन आजही फुकट आहे. फक्त आत शिरायला ‘फॉलआउट ४’ विकत घ्यावा लागतो, तोही त्याच्या सगळ्या अधिकृत जोडण्यांसकट. म्हणजे लंडन बघायचं तर तिकीट बॉस्टनचं काढायचं, आणि तिकिटाचे पैसे जमा होतात बेथेस्डाच्या गल्ल्यात. बर्कोसाहेबांचा आवाज त्यात मोफत.