चालतंय ना?

आमच्या नानाकाकांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला पाझर दिसला की त्याच दिवशी बुजवायचा, हे त्यांचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात. तिसऱ्यांदा तर लोंबकळतातच.

आणि याच माणसाच्या लॅपटॉपवर, क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात, कायम लाल खूण.

"नाना, अहो अपडेट लाल झालंय."

"चालतंय ना? मग हात लावू नकोस."

नवी आवृत्ती आली की ती खूण आधी हिरवी असते, चारेक दिवसांनी केशरी होते, आठवडा उलटला की लाल. नानांचा अर्थ सरळ आहे: "लाल म्हणजे थांबा. मी थांबलोय."

बरं, विषय कळत नाही म्हणावं तर तसंही नाही. सायबर धोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी 'सर्ट-इन'चा इशारा पेपरात आला की नाना कात्रण कापतात, फोटो काढतात आणि 'तातडीचे' असं लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या यंत्रणेतच भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेल्या एका चित्रातून चोर आत शिरू शकत होता. क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांनी धावपळ करून ठिगळं लावली. नानांनी आम्हाला त्याची सूचना दिली ती गुलाबाच्या सुप्रभाती चित्रावर लिहून.

ठिगळ उशिरा लावलं तर धोका उलट वाढतो, हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. ठिगळ कुठे बसलं ते जगाला दिसतं, म्हणजे भोक कुठे होतं तेही चोराला कळतं. म्हणून तर ऑगस्ट २०२३ पासून क्रोमची सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला येऊ लागली. नानांनी मन लावून ऐकलं. "दर आठवड्याला? म्हणजे कंत्राटदार कच्चा आहे."

खरी भीती वेगळी आहे. त्यांच्याकडे ४३ टॅब उघडे असतात. वीजबिल, रेल्वेचं आरक्षण, काकूंसाठी शोधलेली उकडीच्या मोदकांची कृती (ती गेल्या गणपतीपासून उघडीच आहे). बंद केलं आणि ते परत आलेच नाहीत तर?

या गणपतीत नाना आंघोळीला गेल्याचं पाहून मी ते पाप केलं. दुरुस्ती आधीच उतरून बसलेली होती, क्रोम बंद होऊन पुन्हा उघडायचाच काय तो अवकाश. अर्ध्या मिनिटात काम झालं. ४३ च्या ४३ टॅब परत आले, मोदकांसकट.

नाना टॉवेलने डोकं पुसत आले, चष्मा लावला, कोपऱ्यात पाहिलं.

"बघ. गेलं की नाही आपोआप? उगाच हात लावायचा नसतो."

मी मोदक खाल्ला.

परवा त्यांचा फोन आला होता. खूण पुन्हा हिरवी झाली आहे. लाल व्हायला अजून पाच दिवस आहेत.