वाऱ्याचे शिरस्तेदार

महसूल खात्यात उभी हयात घालवून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेला, आणि सरकारी शाईच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवण्याची जडलेली सवय निवृत्तीनंतर घरातल्या विजेच्या उपकरणांवर चालविणारा एक तरी गृहस्थ पुण्याच्या प्रत्येक पेठेत असतोच; आमच्या आळीत त्यांना अण्णा म्हणतात. पाहुणा टेकतो न टेकतो तोच ‘पंखा लावायचा का?’ असे ते ज्या स्वरात विचारतात, त्या स्वराला ‘छे छे, चांगला वारा आहे की!’ एवढे एकच उत्तर संभवते, हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याला त्या घरातून दुसरे आमंत्रण येत नाही.

अण्णांच्या कपाटात लाल फडक्यात बांधलेले एक दप्तर आहे. घरातील प्रत्येक उपकरणाच्या खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, झालेल्या दुरुस्त्या आणि त्यांवरील शेरे असा सारा तपशील त्यात असून, शेवटचा रकाना ‘मृत्यूचे कारण’ हा आहे. आळीत कोणाचाही पंखा वा मिक्सर गेला की अण्णा चष्मा पुसत पंचनाम्यास हजर होतात. ‘जळला’ हे कारण ते दाखल करून घेत नाहीत. मनुष्य श्वास थांबल्यामुळे मेला असे लिहून देणाऱ्या वैद्याला आपण वैद्य म्हणू काय, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो.

आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर अण्णांचे निदान सहसा चुकत नाही. पंखा रडतखडत फिरू लागला, पण काठीने ढोसताच नीट चालू लागला, की लोक भंगारवाल्याला हाक मारतात; अण्णा मात्र वरची वाटी उतरवून अंगठ्याएवढा कंडेन्सर दाखवितात आणि ‘अडीच मायक्रोफॅरडचा नवा आणा, बाकीचा देह ठणठणीत आहे’ असा निवाडा देतात. पंखा डुलू लागला तर दिवाळीच्या साफसफाईत पात्याला लोंबकळून ते कोणी वाकविले, याची ते मुलाबाळांच्या स्वतंत्र जबान्या घेतात. करकर आली तर बेअरिंग. मोटारीवर धुळीचा थर साचला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि कॉइलच्या तारेवरील वेष्टन नेहमीपेक्षा दहा अंश अधिक तापत राहिले तर त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, हा विद्युत्शास्त्रातला जुना ठोकताळा ते पथ्यपाण्यासारखा सर्वांना ऐकवितात. गीझरच्या कांबीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला, वीज जाऊन येताच कोणी दम न खाता फ्रिज सुरू केला, रत्नागिरीस दिलेल्या लेकीच्या घरी खाऱ्या वाऱ्याने इस्त्रीचे स्क्रू गंजले, अशा बारीकसारीक गुन्ह्यांचीही बारनिशी त्यांच्याकडे असते.

भारतीय विद्युत नियम, १९५६ हे त्यांचे नित्यपठण. घोषित दाबापेक्षा घरगुती पुरवठ्याचा दाब सहा टक्क्यांहून अधिक वरखाली होऊ नये असे त्यात म्हटल्यावरून, त्यांनी २३० व्होल्टांची सहा टक्क्यांनी वजाबाकी-बेरीज करून २१६ आणि २४४ हे दोन आकडे मीटरच्या पाटीवर तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवले होते, आणि व्होल्टमीटरचा काटा या सीमांबाहेर गेला की वीजकचेरीस अर्ज रवाना होई. दिव्याला पाच टक्के दाब जास्त मिळाला तर त्याचे आयुष्य जवळजवळ अर्धे होते, हे त्यांनी त्या अर्जांत इतक्या वेळा लिहिले की कचेरीतला शिपाईही ते तोंडपाठ म्हणे.

दिव्याचा विषय निघाला की अण्णांचा कंठ दाटून येतो. १९२४ साली जगातल्या बड्या दिवेवाल्यांनी जिनिव्हात संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर बांधून टाकले, आणि ज्याचा दिवा अधिक जगेल त्या कारखानदाराला दंड ठोठावला, ही हकीकत ते गोऱ्यांनी संस्थान खालसा केल्याच्या आवेशात सांगतात. त्यांचे आराध्यदैवत मात्र कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथील अग्निशामक केंद्रात आहे; १९०१ सालचा तो दिवा क्वचित अपवाद वगळता अखंड तेवतो आहे, आणि त्याचे छापील चित्र अण्णांनी देवघराशेजारी लावले आहे. तो हल्ली जेमतेम चार वॉटचा उजेड देतो, हे ऐकल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, ‘बंबवाल्यांना बंब सापडतो ना त्यात, मग झालं.’

अण्णांच्या कारकिर्दीवर एकच डाग आहे. लेकीच्या लग्नात आहेर म्हणून आलेला एक उत्तम पंखा त्यांनी ‘चांगले पाहुणे येतील तेव्हा’ म्हणून माळ्यावर ठेवला होता. पुरेसे चांगले पाहुणे अकरा वर्षे आले नाहीत. बाराव्या वर्षी व्याही येणार म्हणून तो खोक्यातून काढला, तर ग्रीस दगडासारखे थिजलेले, बेअरिंगला गंज चढलेला, पाते हाताने फिरवू गेले तरी फिरेना. एक मिनिटही न चाललेल्या त्या पंख्याच्या नावापुढे मृत्यूचे कारण काय लिहावे, यावर अण्णा तीन दिवस चिंतन करीत होते. अखेरीस त्यांनी ‘वार्धक्य’ असे लिहिले. खालच्या खाणावळीतला काजळी धरलेला पंखा मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत बेदरकारपणे फिरतोच आहे, आणि नव्वदीतही तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्याकडे पथ्यकर माणसाने पाहावे तसे अण्णा त्याच्याकडे पाहतात.

त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्यातला पंखा जुना असून त्याचे रेग्युलेटरही जुन्या धाटणीचे, भिंतीवर डब्यासारखे बसविलेले आहे. श्रावणात एक, वैशाखात दोन, घरी डॉक्टर आले तर तीन, असा त्यांचा शिरस्ता. पाच हा आकडा कारखानदाराने केवळ शोभेसाठी छापला आहे, असे त्यांचे मत. आमच्या वायरमनने मला एकदा समजावून दिले होते की, या पेटीत तारांची वेटोळी असतात, पंखा हळू ठेवला की अडविलेली वीज त्या तारांत उष्णता होऊन वाया जाते, आणि पाचावर फिरविला म्हणजे वीज त्या वेटोळ्यांकडे न फिरकता थेट पंख्याकडे जाते. अण्णांची समजूत याहून वेगळी आहे: पंख्याचे श्रम पेटीत उमटतात, पेटी तापली म्हणजे पंखा राबला. म्हणून दोनावरच्या पंख्याखाली बसून ते मधूनमधून त्या कढत पेटीला हात लावतात आणि ‘पाहिलंत? दोनावर एवढी, तर पाचावर काय होईल?’ असे विचारतात.

गेल्या वैशाखात एका सायंकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते नित्याप्रमाणे पर्वतीवर गेले होते. काकूंनी मला बसविले, चहा टाकला आणि जाता जाता सहजगत्या रेग्युलेटर पाचावर नेले. दप्तरावरचे लाल फडके फडफडू लागले, लिव्हरमोरच्या दिव्याचे चित्र खिळ्यावर हेलकावे घेऊ लागले, आणि आम्ही दोघांनी लेकी-नातवंडांच्या गोष्टी करीत तास-दीड तास जे सुख भोगले ते त्या भिंतींनी क्वचितच पाहिले असेल. सात वाजता जिन्यात काठी वाजली. काकूंनी शांतपणे बटण बंद केले आणि पात्यांना पदराने नव्हे, नुसत्या नजरेनेच थांबविले की काय कोण जाणे, अण्णा आत येईपर्यंत ती स्थिर झाली होती.

अण्णांनी पायातल्या वहाणाही न काढता प्रथम पेटीवर तळवा ठेवला. ती गारढोण होती. त्यांचा चेहरा उजळला. दप्तर सोडून त्यांनी त्या दिवसाच्या रकान्यात लिहिले, ‘सायं. ५ ते ७ पंखा बंद. पेटी थंड. गृहिणी समंजस’, आणि बाहेरच्या माणसाची साक्ष बरी म्हणून लेखणी माझ्यापुढे केली. कपाळावर पुन्हा फुटू लागलेला घाम पुसत मी पंच म्हणून सही केली.