अंबाझरीच्या बांधास अनावृत पत्र

प्रति,
श्री. मातीचा बांध,
अंबाझरी तलाव, नागपूर.

विषय : कर्तव्य बजावल्याबद्दल खुलासा मागवणेबाबत.

महोदय,

वि. वि. की, आम्ही तुमच्या पायथ्याशी राहतो. कुणी अंबाझरी ले-आउटमध्ये, कुणी डागा ले-आउटमध्ये, कुणी कॉर्पोरेशन कॉलनीत. तुम्ही १८७० सालचे, म्हणजे वयानं आम्ही तुमच्या जवळपासही नाही. पण रजिस्ट्री आमच्याकडे आहे, मंजूर नकाशा आमच्याकडे आहे, घरटॅक्सच्या पावत्या फाइलला लावलेल्या आहेत. तुमच्याकडे काय आहे? माती. तेव्हा आम्ही जरा चढ्या आवाजात बोललो तर मनाला लावून घेऊ नका.

तक्रार २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेची आहे. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या. नागपुरात हा दिवस कसा असतो ते दीडशे वर्षांत तुम्हाला कळलं असेलच. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, पंगतीवर पंगती, आणि रात्री घरातल्या बाया पाठ टेकताक्षणी गाढ झोपलेल्या. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला. चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. आम्ही पांघरूण ओढून घेतलं आणि तुम्ही सांडव्यावरून पाणी सोडून दिलंत. ते आधी मोरीतून वर आलं, मग दारातून, मग खिडकीतून. हॉलमध्ये ज्येष्ठा-कनिष्ठा मखरात उभ्या. पाणी त्यांच्या निऱ्यांना लागलं, मग कमरेला. फ्रिज आडवा होऊन तरंगत स्वयंपाकघरातून बाहेर आला, त्याचं दार उघडलं आणि उरलेल्या पुरणाचा डबा दोघींसमोर येऊन थांबला. विसर्जन त्याच दिवशी होतं म्हणा. मुहूर्त तेवढा तुम्ही अलीकडे ओढलात.

शहरात चार माणसं गेली. दहा हजारांच्या आसपास घरांत पाणी शिरलं, खाली मोरभवनला बसगाड्या बुडाल्या, लष्कराला बोलवावं लागलं. मग पंचनामे झाले आणि घरटी दहा हजार रुपये मदत जाहीर झाली. त्यात फ्रिज येत नाही, पण तो विषय वेगळा, त्यासाठी वेगळ्या टेबलावर जावं लागतं.

आमचं खरं दुखणं असं की तुम्ही फुटला नाहीत. फुटला असतात तर पुढचं काम सोपं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुणेकरांना कायमचा एक कालखंड मिळाला. अजून ते ‘पानशेतच्या आधी’, ‘पानशेतच्या नंतर’ असं बोलतात. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. खेकड्यांचं म्हणणं कुणी नोंदवून घेतलं नाही, पण निदान आरोपी तरी सापडला. तुम्ही आम्हाला तेवढीही सोय ठेवली नाहीत. पाऊस थांबला तेव्हा तुम्ही आपले जागेवरच.

तुमच्या बाजूनं काय बोललं जाईल तेही आम्हाला ठाऊक आहे. मातीच्या बांधाला माथ्यावरून पाणी गेलेलं सोसत नाही. माथा ओलांडला की ते उतारावरची माती ओरबाडत खाली येतं, घळ पडते, घळीतून आणखी पाणी, आणखी पाण्यानं आणखी मोठी घळ, आणि काही तासांत अख्खा तलाव वस्तीत उतरतो. म्हणून सांडवा ठेवतात, माथ्याहून खालच्या पातळीला, की जास्तीचं पाणी तिथूनच निघून जावं. त्या रात्री ते तिथूनच गेलं. मान्य. पण नियमानं वागायचंच होतं तर आधी पुढं वाकून बघायचं होतं, की तिथं आम्ही काय काय मांडून ठेवलंय.

सांडव्याच्या पुढ्यात स्वामी विवेकानंदांचं स्मारक आहे. स्वामीजींबद्दल आमची काहीच तक्रार नाही. कन्याकुमारीच्या खडकावर ते पोहत गेले असं सांगतात, म्हणजे पाण्याची त्यांना भीती नव्हती. पण तिथं ते आपणहून गेले होते. इथं उभं राहण्याबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नाही. पुरानंतर रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि स्मारकामुळे पाणी अडतं की अडत नाही, यावर कागद चालू झाले. पाण्यानं आपलं मत त्या पहाटेच नोंदवलं होतं. त्याला शपथपत्र जोडलेलं नव्हतं, एवढंच.

स्मारकाच्या पुढं नागनदी. शहराला नाव तिचं, आणि शहरात जागा मागायची पाळीही तिच्यावरच. कुठं काठ आत सरकवलेले, कुठं भिंत, कुठं अंगावर स्लॅब. तुम्ही सोडलेलं पाणी तिच्यात मावलं नाही यात तिचा दोष नाही, हे आम्ही खासगीत मान्य करतो.

आता तुमच्या अंगावरच्या झाडांविषयी. हा मुद्दा नाजूक आहे, कारण नागपूरकर उन्हानं भाजलेला माणूस; झाड म्हटलं की त्याचा जीव वितळतो. तुमच्या उतारावर हजारोंनी झाडं वाढली, तेव्हा आम्हाला वाटलं, व्वा, म्हातारबाबांना सावली झाली. धरणाच्या कामातली माणसं मात्र कपाळाला हात लावतात. मूळ ओलाव्याचा माग काढत आत शिरतं. झाड जिवंत आहे तोवर त्यानं माती धरून ठेवलीय असं दिसतं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी भरावात एक पोकळ नळी उरते. पाझराच्या पाण्याला तेवढं निमित्त पुरतं. बारीक माती बरोबर घेऊन ते बाहेर पडू लागतं, नळी आतल्या आत रुंदावत जाते आणि वरून सगळं हिरवंगार. वादळात एखादा मोठा वृक्ष उन्मळला तर मुळांच्या गड्ड्याबरोबर बांधाचाच लचका निघतो. झुडपं माजली की घुशींची बिळं दिसत नाहीत, आणि पायथ्याशी जो ओलसर डाग रोज कुणीतरी वाकून पाहायला हवा, तोही दिसत नाही. झिरपा नितळ आहे तोवर घरी जाऊन जेवावं, गढूळ झाला की धावत सुटावं. मातीच्या बांधाची राखण म्हणतात ती बरीचशी इतकीच. वर गवत चालतं. गवताची मुळं वरच्या वर माती बांधून ठेवतात, खोल जात नाहीत.

हे मी एकदा सकाळच्या फिरण्यात बोलून पाहिलं. मी स्वतः दर पावसाळ्यात रोपं लावणाऱ्यांतला, पण झाडाला साऱ्या नागपुरात जागा आहे, मातीच्या बांधावर ती नाही, हे माझं मत. तेव्हापासून मला ‘बिल्डरचा माणूस’ म्हणतात. तुमच्यासाठी आम्ही काय काय सोसतो पाहा.

मेट्रोचं मी फार बोलत नाही. तुमच्या जवळून ती जायची ठरली तेव्हा तुमच्या तब्येतीची काळजी करणारी पत्रं निघाली होती. आता गाडी जाते आणि प्रवासी खिडकीतून तलावाचा फोटो काढतात. फोटोत पाणी येतं, मावळता सूर्य येतो. तुम्ही येत नाही. तुमची ही जुनीच खोड आहे, दिसायचं नाही. तिकडे फुटाळ्याला गाण्यावर नाचणारं कारंजं मिळालं. तुम्ही काय मागून घेतलंत? पाण्यावर जलपर्णीची सतरंजी. तुम्ही नाचत नाही, रात्री उजळत नाही, तुमचं उद्घाटन पुन्हा करता येत नाही. पायथ्याची चर साफ केली तर तिथं कोनशिला बसवायला जागा नाही. अशा माणसाचं काम बजेटमध्ये कोणत्या तोंडानं घालावं?

बरं, आम्ही काही करत नाही असंही नाही. पूर ओसरल्यावर तुमच्यापुढचा जुना पूल पाडून मोठा बांधायला घेतला गेला. रस्ता बंद झाला. पुराच्या वेळी ‘पूल अरुंद का ठेवला’ म्हणून जे ओरडत होते, तेच आता ‘वळसा किती पडतो राजेहो’ म्हणून ओरडू लागले. त्यात आम्ही सगळेच होतो. पूर एका रात्रीचा, वळसा रोजचा.

तरी, महोदय, पुढीलप्रमाणे पूर्तता करावी. सांडव्यावरून पाणी सोडायचं झाल्यास ते कार्यालयीन वेळेत सोडावं. सुटीच्या दिवशी सोडू नये, महालक्ष्म्यांच्या रात्री तर मुळीच नाही. सोडण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. ती कुणाकडून, हे ठरलं की कळवू. तलाव एकाकडे, रस्ता दुसऱ्याकडे, बाग आणखी कुणाकडे, असं वाटप आम्ही फार विचारानं केलेलं आहे. पाऊस किती पडावा याबाबत हवामान खात्याशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. आणि पुढच्या खेपेला मावेनासं झालंच, तर सवयीप्रमाणे सांडव्याकडे न वळवता थोडं पोटात ठेवावं. त्यानं पाणी माथ्यावर चढेल आणि मग काय होईल, ते वर लिहिलंच आहे. पण निदान जबाबदारी निश्चित होईल.

खुलासा सात दिवसांत अपेक्षित आहे. न आल्यास तुमच्याविरुद्ध सुशोभीकरणाची कारवाई करण्यात येईल. काचेचा पूल, खुर्च्या, ‘आय लव्ह अंबाझरी’ अशी विजेची अक्षरं. मग आमच्या नावानं रडू नका.

लोभ असावा. पातळी कमी असावी.

आपला,
पायथ्याचा एक रहिवासी
(तळमजला)

ता. क. : तळमजला विकायला काढला आहे. ब्रोकरनं जाहिरातीत ‘तलावापासून चालत पाच मिनिटं’ असं छापलंय. गिऱ्हाईक आलं आणि भिंतीवर छातीच्या उंचीला गेलेली ती तपकिरी रेघ पाहून ‘हे काय’ म्हणालं, तर तो ‘डिझाइन’ सांगणार आहे. तेव्हा व्यवहार होईस्तोवर तरी बाप्पा, दम धरा.